महिन्यात चतुर्थ्या दोनच असतात

"मॅडम, हप्ते भागत नाहीत. किराण्यात अजून कुठे कमी करू?"

समुपदेशक म्हणून गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलाय, की समोरची बाई खुर्चीत नीट बसायच्या आधीच मला तो ऐकू येऊ लागतो. विचारणारी बहुतेक वेळा बाईच असते. हप्ते फेडता फेडता पुरुष विचारतो, "हिला किराणा आटोक्यात ठेवायला तुम्ही सांगा ना." प्रश्न एकच, फक्त बोट दुसरीकडे वळलेलं असतं.

म्हणून एका घराची गोष्ट सविस्तर सांगते. नावं सांगणार नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आठ-नऊ भेटींत जे घडलं, त्यातलं मोजकंच इथे देते.

घर चिंचवडचं. पाच माणसं: नवरा, बायको, अकरा आणि सहा वर्षांची दोन मुलं आणि सासूबाई. दादा भोसरीच्या एमआयडीसीत कामाला, हातात ४१ हजार. ताई घरी फॉल-पिको करायच्या, त्यातून महिन्याला पाचेक हजार. तीन वर्षांपूर्वी दादांच्या वडिलांच्या आजारपणात वैयक्तिक कर्ज काढावं लागलं, क्रेडिट कार्डही भरपूर घासलं गेलं. पुढे कारखान्यातला ओव्हरटाइम बंद झाला आणि तेव्हापासून घरात रोज एकाच विषयावर वाद होऊ लागला: वाण्याचं बिल.

पहिल्या भेटीत दादा म्हणाले, "पाच माणसांना एवढा किराणा लागतो का? माझी आई निम्म्यात घर चालवायची."

ताई खाली बघत म्हणाल्या, "सगळं मिळून अकरा-बारा हजार होतात. त्यातून काय काढू, तुम्हीच सांगा."

मी म्हटलं, "या महिन्यात काहीच काढू नका. फक्त लिहा."

दोघांनाही हे पटलं नाही. पैसे संपत असताना मॅडम वही लिहायला सांगतात, असंच त्यांना वाटलं असणार. पण माझा अनुभव असा, की न मोजता केलेली काटकसर नेहमी चुकीच्या जागी होते. बायका आधी डाळ कमी करतात, मग दूध, मग स्वतःचं ताट. बिस्किटाचे पुडे मात्र घरात येतच राहतात, कारण ते यादीतून येतच नाहीत.

वहीत चार रकाने आखून दिले: वाणी, दूध, भाजी-फळं आणि मोबाइलवरून मागवलेलं. स्वयंपाकघरात खिळ्याला वही, वहीला दोरीने पेन. आणलेलं प्रत्येकाने स्वतःच्या हाताने लिहायचं, दादांनीसुद्धा. ही अट मी मुद्दाम घातली होती.

महिन्याने बेरीज झाली. वाणी ९,२००, दूध ३,६००, भाजी-फळं २,७००, मोबाइलवरून ३,९००. एकूण १९,४००. ताई म्हणत होत्या त्याच्या दीडपटीहून जास्त. त्या चौथ्या रकान्यातलं जवळजवळ सगळं अक्षर दादांचं होतं: रात्री साडेनऊ-दहाची आइस्क्रीमं, वेफर्स, चॉकलेटं, मुलीला हवे असलेले नूडल्स.

मी काहीच बोलले नाही. दादा बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दिवसभर फोन येत असतात वसुलीचे. घरी रिकाम्या हाताने कसा जाऊ? कर्ज माझं आहे, मुलांना काही कमी पडताच कामा नये."

समुपदेशन करताना मी वाक्यातला 'च' ऐकते. इतक्या वर्षांत कानाला ती सवयच लागली आहे. 'मुलांना काही कमी पडू नये' ही बापाची इच्छा आहे आणि ती सुंदर आहे. 'पडताच कामा नये' हा मात्र स्वतःवर काढलेला हुकूम. हुकूम पाळता आला नाही की माणूस स्वतःलाच गुन्हेगार ठरवतो आणि ती टोचणी शमवायला पुन्हा खर्च करतो. दादांना मी ते वाक्य 'च' वगळून म्हणायला सांगितलं. त्यांना ते सहज म्हणता आलं नाही. तिसऱ्यांदा म्हणाले, "मुलांना कमी पडलं तर मला वाईट वाटेल. पण ते... ते निभावून नेतील." एवढं बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते.

मला मात्र घराच्या हिशोबातलं दुसरंच काहीतरी खटकत होतं. वैयक्तिक कर्जाचा हप्ता ९,२००, कार्डाची दर महिन्याला भरायची किमान रक्कम ४,३००, दुचाकीचे ३,१००, म्हणजे १६,६००. खाण्यापिण्याचे १९,४००. वीज, गॅस, शाळा, पेट्रोल मिळून ९,०००. सगळ्याची बेरीज ४५,०००, आणि घरात येतात ४६,०००. कागदावर हजार रुपये उरत होते आणि घरात २० तारखेला खडखडाट.

पुढच्या भेटीला मी सासूबाईंनाही बोलावलं. माझा विश्वास आहे, की स्वयंपाकघराचा प्रश्न त्या स्वयंपाकघरात जेवणाऱ्या सगळ्या मोठ्या माणसांसमोर मांडल्याशिवाय सुटत नाही. बोलता बोलता मी तिघांनाही विचारलं, "पैसे कमी पडायला लागल्यापासून तुम्ही स्वतःपुरतं काय बंद केलंत?"

ताई लगेच म्हणाल्या, "मी? काही नाही."

सासूबाई तोपर्यंत गप्प बसल्या होत्या. पदर सावरत म्हणाल्या, "ही दुपारची जेवत नाही. विचारलं की म्हणते, चतुर्थी आहे. अहो, महिन्यात चतुर्थ्या दोनच असतात, एक विनायकी, एक संकष्टी. मला मोजता येतं. हिच्या आठवड्याला तीन होतात."

खोलीत कुणीच हललं नाही. ताईंनी चेहरा ओंजळीत घेतला. दादा बायकोकडे असे बघत होते, जणू तिला बऱ्याच महिन्यांनी पाहत आहेत. मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला, एक पान उघडलं आणि फोन माझ्याऐवजी तिच्या हातात दिला. दोन ॲपवरून घेतलेली कर्जं होती त्यात, मिळून ३८ हजार बाकी. महिन्याला साडेसात हजार तिकडे जात होते. एक हप्ता भरायला दुसऱ्यातून उचल. घरात कुणालाही माहीत नव्हतं.

कागदावरच्या त्या हजार रुपयांचं कोडं तिथे सुटलं.

त्या रात्री घरी जातानाही माझ्या मनात हेच घोळत होतं. तिने भूक लपवली, त्याने कर्ज लपवलं. त्याच भेटीत थोड्या वेळाने सासूबाईंनीही सांगितलं होतं, की भिशीचे ४० हजार त्यांनी 'माझ्या शेवटच्या आजारपणाला' म्हणून बाजूला ठेवलेत आणि मुलाला सांगितलेलं नाही. तिघांनीही एकमेकांना जपण्यासाठीच लपवलं होतं. त्या घरात उघडं असं एकच पान होतं, ते वाण्याच्या बिलाचं. म्हणून सगळी भांडणं त्याच पानावर व्हायची. आता जोडपं 'किराणा' म्हणू लागलं, की या घरात काय झाकलेलं आहे याचा मी आधी शोध घेते. बहुतेक वेळा काहीतरी सापडतंच.

आता तो मूळ प्रश्न: किराणा कमी होतो का? होतो. या घरात १९,४०० वरून १३,९०० वर आला, त्याला तीन महिने लागले. दुधाचे आणि भाजीचे आकडे आम्ही हलवले नाहीत. ३,९०० चा रकाना शून्यावर आला आणि वाण्याचं बिल ९,२०० वरून ७,६०० झालं. बस, एवढंच.

वाण्याचे ते १,६०० कसे वाचले, ते सांगते, कारण पुष्कळ जणींना नेमकं हेच हवं असतं. पहिला आठवडा नवीन काही आणलंच नाही, आधी घरातले डबे उघडले. पोह्यांची तीन पाकिटं निघाली, साबुदाणा निघाला, विसरलेली चवळी आणि वाल निघाले. त्यावर आठवडा निघाला. मग यादी वस्तूंची न करता जेवणांची केली. सोमवारी मटकीची उसळ, मंगळवारी पिठलं-भाकरी, बुधवारी आमटी-भात आणि पालेभाजी, असं सात दिवसांचं ठरवलं आणि त्याला लागेल तेवढंच आणलं. तेल सहा लिटर लागायचं. आठवड्याला एक लिटरची एकच पिशवी फोडायची असं ठरवल्यावर ते चार-साडेचारवर आलं आणि जेवणाची चव कुणाला बदललेली जाणवली नाही. फरसाण आणि बिस्किटांऐवजी शेंगदाणे-गूळ, चुरमुऱ्यांचा चिवडा, उकडलेली अंडी. मॉलमध्ये 'एकावर एक मोफत' असतं तिथे महिनाभर जायचंच नाही, कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जायचं, पण रोख घेऊन. वाण्याची उधारीची वही म्हणजेही कर्जच, फक्त त्याचा फोन येत नाही.

आणि एक, ज्यावर मी हटूनच बसते. डाळी, कडधान्यं, मुलांचं दूध, म्हाताऱ्या माणसांची औषधं यांना हात लावायचा नाही. डाळ पातळ करून वाचवलेले पैसे पुढे डॉक्टरकडे जातात. घरातलं कुणीही उपाशी राहून हप्ता भरणार नाही, हे ताईंकडून आणि सासूबाईंकडूनही मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं. उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरायची पद्धत चांगली आहे, पण कार्ड घासून ते भरायचे असतील तर यंदा राहू द्या. दर महिन्याला दळण आणा.

पाहुण्यांचं काय, असं ताईंनी विचारलं होतं. उत्तर सासूबाईंनीच दिलं: "पोहे आणि चहा. आमच्या वेळी तेवढंच असायचं आणि लोक पुन्हा पुन्हा यायचे."

पण वाचलेले साडेपाच हजार कुठे जातात, त्यावर सगळं अवलंबून आहे. पुष्कळ घरांत ते नुसते विरून जातात. मी दादांना कार्डाचा हिशोब मांडायला लावला. बाकी ८६ हजार, व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे ३,०१०. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण ५४०. किमान म्हणून भरलेल्या ४,३०० मधले मुद्दलात जेमतेम ७५० जात होते. दर महिन्याला तेवढेच भरत राहिले असते तर साडेतीन वर्षांहून जास्त काळ फेडत बसले असते. त्यात वाचलेले ५,००० घातले आणि कार्ड पुन्हा वापरलं नाही, तर वर्षभरात संपतं. दादा कारखान्यात रोज मोजमापंच करतात, पण हे गणित त्यांनी कधी मांडलं नव्हतं. भीती वाटते म्हणून माणूस आकड्याकडे बघत नाही, आणि बघत नाही म्हणून भीती आणखी वाढते. पाटी-पेन्सिल घेऊन बसायला लावणं हा मला समुपदेशनाचाच भाग वाटतो. काही सहकाऱ्यांचं मत वेगळं आहे.

ॲपची कर्जं सासूबाईंच्या भिशीतून एकदम फेडली. माझा आग्रह एवढाच होता, की ते पैसे आईचे आहेत, तेव्हा उधार म्हणूनच घ्यायचे आणि महिन्याला हजार रुपये परत करायचे. वहीत त्याचा वेगळा रकाना झाला.

वसुलीच्या फोनांनी जे घाबरून गेलेत त्यांच्यासाठी: रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करता येत नाहीत. कर्ज देणाऱ्या ॲपला तुमच्या फोनमधली नावं-नंबर आणि फोटो बघण्याचा अधिकार नाही. नातेवाइकांना फोन करून बदनामी केली जात असेल, तर पोलिसांत आणि रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर तक्रार करा. ऑनलाइन आर्थिक फसवणूक झाली असेल, तर १९३० वर फोन करा. बँकेत स्वतः जाऊन कार्डाची बाकी कमी व्याजाच्या हप्त्यांत बदलून मिळेल का, हे विचारा. विचारायला लाज वाटते, हे मला ठाऊक आहे. तरी विचारा. आणि कर्जापायी जगणंच नको वाटायला लागलं असेल, तर हिशोब नंतर, आधी १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

सहा महिन्यांचे हप्ते भरून झाल्यावर ते तिघं पुन्हा आले. कार्डाची बाकी ४८ हजारांच्या आत आली होती. वही सोबत आणली होती, कोपरे हळदीने पिवळे पडलेले. आता तिच्यात अकरा वर्षांच्या मुलीचंही अक्षर होतं: 'केळी अर्धा डझन, ३० रुपये, मी आणि आजी.'

त्या दिवशी संकष्टी होती. ताईंनी वरीचा भात आणि दाण्याची आमटी डब्यात आणली होती. चंद्रोदयाला अजून वेळ होता. सासूबाई म्हणाल्या, "हिने सकाळी साबुदाण्याची खिचडी खाल्ली बरं का, माझ्यासमोर."