वाचकांचे प्रश्न : घडीचे जुने चाकू आणि त्यांचा संग्रह

प्रश्न : आजोबांच्या लाकडी पेटीत घडीचा एक चाकू सापडला. त्याला लहान-मोठी दोन पाती असून मूठ पिवळसर पांढरी आहे. मोठ्या पात्याच्या मुळाशी चांदणी व क्रूस, ‘जी’ आणि ‘आर’ या अक्षरांमध्ये मुकुट, ‘जोसेफ रॉजर्स अँड सन्स’ हे नाव आणि ‘शेफील्ड, इंग्लंड’ असा छाप आहे. पात्यांवर काळपट डाग पडले आहेत. तो घासून चकचकीत करावा का? असे चाकू जमवावेत असे आता वाटू लागले आहे. सुरुवात कशी करावी? (एक वाचक, सातारा)

उत्तर : पहिली विनंती अशी की, तो चाकू घासू नका. पॉलिश कागद, रांगोळी, चिंच किंवा सराफाकडचे फिरते चाक यांपैकी काहीही त्याला लावू नये. साध्या कार्बन पोलादावर वर्षानुवर्षांच्या वापराने निळसर करडा ते काळा असा जो थर चढतो, तो गंज नव्हे. त्या थराखालचे पोलाद सुरक्षित असते. शिवाय घासताना सर्वांत आधी पुसट होतो तो पात्याच्या मुळाशी असलेला छाप, आणि तुमच्या चाकूची बहुतेक सारी माहिती त्या छापातच आहे. लालसर, बोटाला लागणारी भुकटी दिसली तर तो मात्र गंज. तेथे शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडून एक-दोन दिवस जाऊ द्यावेत आणि मग बांबूच्या काडीने हलकेच खरवडावे. खोबरेल तेल वापरू नये, कारण ते थंडीत गोठते आणि कालांतराने चिकट होऊन सांध्यात धूळ धरून ठेवते.

आता छापाविषयी. चांदणी आणि क्रूस ही शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स या पेढीची खूण. मुकुटाच्या दोन बाजूंची ‘जी’ आणि ‘आर’ ही अक्षरे जॉर्ज नावाच्या राजाची कारकीर्द सुचवतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चौथा जॉर्ज गादीवर होता, म्हणून केवळ अक्षरांवरून काळ ठरवणे धोक्याचे आहे. परंतु ‘इंग्लंड’ हा शब्दही सोबत असल्याने निर्णय सोपा होतो. अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव बंधनकारक केले आणि त्यानंतर ते नाव छापात घालण्याची रीत पडली. तेव्हा तुमचा चाकू पाचव्या किंवा सहाव्या जॉर्जच्या काळातील, म्हणजे बहुधा १९१० ते १९५२ या दरम्यानचा मानावा. शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी गंजरोधक पोलाद १९१३ मध्ये तयार केले, त्यामुळे ज्या पात्यावर ‘स्टेनलेस’ असे कोरलेले असते ते त्याहून जुने असू शकत नाही, हाही एक उपयोगी दाखला आहे. मात्र प्रसिद्ध पेढ्यांच्या नावात एखादे अक्षर बदलून नकली माल पूर्वीही पुष्कळ विकला गेला. शेफील्डच्या कारागिरांच्या अशा तक्रारी हे ब्रिटनच्या १८८७ च्या व्यापारचिन्ह कायद्यामागचे एक मोठे कारण होते. म्हणून भिंग घेऊन प्रत्येक अक्षर वाचावे.

मुठीकडे विशेष लक्ष द्या. पांढरी मूठ हाडाची, हस्तिदंताची किंवा सेल्युलॉइडची (एका जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकची) असू शकते. मुठीच्या टोकाची कड उजेडात धरून भिंगातून पाहिली, तर हाडावर बारीक काळसर ठिपके आणि तुटक रेघा दिसतात. त्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या होत. हस्तिदंतावर असे ठिपके नसतात आणि आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. रेषा अगदी समांतर आणि नियमित असतील, तर ते बहुधा हस्तिदंताची नक्कल करणारे सेल्युलॉइड असते. तापलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला कोणी दिला तर तो कृपया मानू नका, कारण सेल्युलॉइड चटकन पेट घेते. ते जुने झाले की त्यातून आम्लयुक्त वाफ सुटते आणि शेजारच्या चाकूंचे पोलादही तिने खाल्ले जाते. अशी मूठ असलेला चाकू इतरांपासून वेगळा, हवा खेळती राहील असा ठेवावा. मूठ हस्तिदंताची निघाली, तर तो विकण्याचा विचार करू नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार हस्तिदंताच्या व्यापाराला बंदी आहे, आणि वारसाने आलेल्या वस्तूबाबतही वन विभागाकडे चौकशी करणे हिताचे आहे. सांबरशिंगाच्या मुठींनाही हीच काळजी लागू होते. शेफील्ड आणि जर्मनीतील झोलिंगन येथील कारागिरांना भारतातून जाणारे सांबरशिंग विशेष प्रिय होते, त्यामुळे अशा मुठी जुन्या चाकूंवर हमखास आढळतात.

संग्रहाची सुरुवात खरेदीने करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी हातातला चाकू नीट समजून घ्यावा. या जातीच्या चाकूला खटका नसतो. मुठीच्या पाठीशी बसवलेल्या पोलादी पट्टीच्या ताणावर पाते उघडे किंवा मिटलेले राहते. पाते सावकाश उघडा. पट्टी प्रथम किंचित वर उचलली जाते आणि पाते पूर्ण उघडताच टक् असा स्वच्छ आवाज करून जागेवर बसते. हा आवाज मिटतानाही आला पाहिजे. त्यानंतर उघडे पाते डावीउजवीकडे डुलते का, पट्टी आणि मुठीच्या आतले पितळी पत्रे यांच्या फटीतून उजेड दिसतो का आणि रिव्हेटभोवती मुठीला तडे गेले आहेत का, हे पाहावे. पात्याची झीज ओळखणे सर्वांत महत्त्वाचे. वारंवार धार लावलेले पाते टोकाकडे निमुळते होत जाते आणि पाते उघडताना नख अडकवायची खाच धारेच्या फार जवळ आलेली दिसते. असा चाकू आठवण म्हणून जपावा. पूर्ण किंमत देऊन विकत मात्र घेऊ नये.

मग एकच घाट निवडावा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अडकित्ते ज्यांनी लक्षपूर्वक पाहिले आहेत, त्यांना एकाच वस्तूची अनेक रूपे शेजारी ठेवल्याने डोळा किती तयार होतो हे वेगळे सांगायला नको. मी नव्या संग्राहकांना ‘बार्लो’ हा घाट सुचवतो. त्यात सांध्याला बळकटी यावी म्हणून मुठीचा पुढचा भाग लांब धातूच्या टोपणाने झाकलेला असतो. हा घाट शेफील्डमध्येही झाला आणि अमेरिकेतही, त्यामुळे दोन्हीकडच्या कारागिरीची तुलना करता येते. रोजच्या वापरासाठी मात्र संग्रहातला चाकू काढू नका. फ्रान्सच्या साव्होया प्रांतात १८९० पासून होणारा ओपिनेल हा लाकडी मुठीचा चाकू स्वस्त आणि उत्तम आहे. त्याच्या सांध्यावरचे फिरते कडे १९५५ मध्ये आले, त्यामुळे पाते बोटावर मिटत नाही.

साठवणीबाबत एकच गोष्ट सांगतो. कातडी म्यानात चाकू कायमचा ठेवू नये, कारण कातडे ओल धरते आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात एका हंगामात पाते खराब होते.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. येथील जुन्या बाजारात ‘केस’ कंपनीचा एक चाकू सत्तर वर्षांपूर्वीचा म्हणून दाखवण्यात आला. छापाखाली बारीक ठिपके असून दुसऱ्या बाजूला ६२५४ हा आकडा आहे. विक्रेत्याचे म्हणणे खरे मानावे का?

उत्तर : मानू नये. केस कंपनीने ठिपक्यांची पद्धत १९७० मध्ये सुरू केली. त्या वर्षी दहा ठिपके होते आणि दरवर्षी एक कमी होत १९७९ मध्ये एकच उरला. १९८० मध्ये पुन्हा दहापासून सुरुवात झाली, परंतु तेव्हा नावातील ‘एस’ अक्षर विजेच्या रेघेसारखे नागमोडी केले गेले. म्हणून आधी ‘एस’ पाहा आणि मग ठिपके मोजा. आकड्यातील पहिला ६ म्हणजे हाडाची मूठ, २ म्हणजे दोन पाती आणि ५४ हा ‘ट्रॅपर’ या घाटाचा क्रमांक. मूठ प्लॅस्टिकची दिसत असेल किंवा दोन पात्यांची झळाळी वेगवेगळी असेल, तर दुरुस्तीत भाग बदलले गेल्याची शक्यता आहे. आकडा आणि वस्तू यांचा मेळ बसल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न : संग्रहात रामपुरी असावा अशी इच्छा आहे. परवाना लागतो का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : उत्तर प्रदेशातील रामपूरची ही कारागिरी जतन करण्याजोगी आहे यात शंका नाही, परंतु रामपुरी हा खटक्याचा चाकू असल्याने वर सांगितलेल्या घडीच्या चाकूंच्या पंक्तीत तो बसत नाही. शस्त्र नियमांच्या वर्गवारीत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची आणि घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक उपयोगासाठी न बनवलेली हत्यारे येतात. त्याहून लहान पाते असले तरी ते खिशात घालून फिरण्याची मुभा मिळाली असे समजू नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली वेळोवेळी मनाई आदेश निघतात आणि त्या काळात हत्यार बाळगून फिरणे हा गुन्हा ठरतो. मोठ्या पात्याचा रामपुरी घेण्यापूर्वी स्थानिक पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे, खरेदीची पावती जपून ठेवावी आणि चाकू घरातच कुलपात ठेवावा. विमानप्रवासात कोणताही चाकू हातातल्या बॅगेत ठेवू नये. तो नीट गुंडाळून सामानात द्यावा.