बशीत मेला, शरीरात मरेल का?

प्रश्न : ज्येष्ठमधाने विषाणू मरतो हे प्रयोगशाळेत सिद्ध झालंय म्हणे. मग रोज काढा घ्यायला हरकत काय?

प्रयोग खरा आहे. २००३ साली सार्सच्या विषाणूवर ज्येष्ठमधातलं ग्लायसिऱ्हायझिन वापरून पाहिलं आणि बशीत वाढवलेल्या पेशींमध्ये विषाणूची वाढ रोखली गेली. पण मात्रा भरपूर लागली. बशीत औषध थेट पेशींवर ओतता येतं. पोटात गेलं की आतड्यातले जीवाणूच त्याचे तुकडे करतात, रक्तात मूळ रूपात ते जेमतेम पोचतं. बरं, मात्रा वाढवावी तर पोटॅशियम उतरतं, रक्तदाब चढतो. घसा खवखवतोय म्हणून दोन दिवस कांडी चघळणं वेगळं, महिनोन्‌महिने काढा पिणं वेगळं. रक्तदाब असेल तर नकोच.

प्रश्न : वडिलांना हिपॅटायटिस बी आहे. भुईआवळीने तो जातो का?

ही समजूत हवेतून आलेली नाही. १९८८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मद्रासचा एक अभ्यास छापून आला. त्याच्या लेखकांत खुद्द हा विषाणू शोधणारे नोबेलविजेते बरूक ब्लूमबर्ग होते. महिनाभर भुईआवळी घेतलेल्या ३७ जणांपैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण, म्हणजे सरफेस अँटिजेन, नाहीशी झाली. खोटं औषध घेतलेल्या २३ जणांत असा एकच निघाला. आकडे वाचून कुणीही हरखेल. मीही हरखलो होतो. पुढे इतरांनी भुईआवळी देऊन पाहिली, तर तसं काही दिसेना. वडिलांच्या हिपॅटायटिस बीवरच्या टेनोफोविर किंवा एन्टेकाविरच्या गोळ्या चालू असतील तर भुईआवळीच्या भरवशावर त्या सोडू नका. अचानक बंद केल्या तर यकृताचा दाह उसळतो.

प्रश्न : फ्लूची गोळी चक्रीफुलापासून करतात. मग चक्रीफूलच उकळून प्यायलं तर?

चक्रीफुलातून शिकिमिक आम्ल मिळतं. त्यावर बऱ्याच रासायनिक प्रक्रिया केल्या की ओसेल्टामिविर, म्हणजे फ्लूच्या गोळीतलं औषध, तयार होतं. कापूस अंगावर घेऊन सदरा घातल्यासारखं होत नाही.

प्रश्न : म्हणजे एकही वनस्पती उपयोगाची नाही?

आहे की! एचपीव्ही विषाणूमुळे गुप्तांगावर चामखिळी येतात. त्यांवर हिरव्या चहाच्या अर्काच्या मलमाला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २००६ मध्ये मान्यता दिली. ते चामखिळीवरच लावायचं असतं, म्हणजे बशीसारखंच, थेट. चहा पिऊन चामखीळ जात नाही, हे सांगायला हवं, कारण तसं विचारणारी पत्रंही येतात.

प्रश्न : एचआयव्हीच्या गोळ्या चालू आहेत. उदास वाटतं म्हणून सेंट जॉन्स वर्ट घेतोय. वनस्पतीच आहे, चालेल ना?

नाही. ही वनस्पती यकृतातली औषधं मोडणारी एन्झाइम्स वाढवते. एचआयव्हीवरच्या इंडिनाविरची रक्तातली पातळी तिने चांगलीच खाली येते, हे २००० सालीच दिसलं होतं. आजच्या कित्येक गोळ्यांनाही हा धोका आहे. औषध कमी पडलं की विषाणू त्याला दाद देईनासा होतो. वर्ट बंद केल्यावरही हा परिणाम साधारण दोन आठवडे राहतो, तेव्हा डॉक्टरांना आजच सांगा. उदासीबद्दलही त्यांच्याशीच बोला. एचआयव्हीच्या गोळ्यांबरोबर चालणारी औषधं आहेत.