पेशी आकसतात की स्नायू आकसतात?

विचारणा अशी आहे : मुलगी मराठी माध्यमात आठवीत शिकते. 'पेशी व पेशीअंगके' हा धडा झाल्यावर तिने हिंदीतला एक व्हिडिओ पाहिला. त्यात 'पेशियाँ सिकुड़ती हैं' असं वाक्य आलं. पेशी कशा आकसतील, असा तिचा प्रश्न. 'पेशी'चा खरा अर्थ कोणता, आणि मराठीत 'मांसपेशी' लिहिलेलं चालेल का?

हिंदीत पेशी म्हणजे स्नायू. आपण जिला पेशी म्हणतो ती हिंदीत कोशिका. म्हणून आपली 'स्नायुपेशी' हिंदीत 'पेशी कोशिका' होते. हे एवढं लक्षात ठेवलं तरी व्हिडिओ पाहताना अडणार नाही.

खऱ्या अर्थाचं मात्र जरा सावकाश बघू. सुश्रुतसंहिता या प्राचीन आयुर्वेदग्रंथातल्या शरीररचनेच्या भागात, शारीरस्थानात, माणसाच्या शरीरात ५०० पेशी सांगितल्या आहेत. आकड्यावरूनच कळतं की या आपल्या पेशी नव्हेत. आपल्या पेशी मोजायला लाख कोटींची भाषा लागते. सुश्रुताच्या पेशी म्हणजे आपले मांसल स्नायू. तिथेच 'स्नायू' मात्र वेगळे, ९०० म्हटले आहेत, आणि त्यांचं काम सांगायला नावेचा दाखला दिला आहे : फळ्या पुष्कळ बंधांनी घट्ट बांधल्या की नाव माणसांचा भार पेलून पाण्यातून जाते, तसं सांध्यांत स्नायूंनी बांधलेलं शरीर भार पेलतं. म्हणजे त्याचे स्नायू हे बांधणारे दोर, आजच्या भाषेत अस्थिबंध (हाडाला हाड बांधणारे) आणि कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणारे). मराठीत स्नायू हा शब्द दोराकडून मांसाकडे आला आणि पेशी ही मांसाकडून सूक्ष्म घटकाकडे गेली. बंगालीत तर स्नायु म्हणजे मज्जातंतू!

यावरून कुणी मराठीला चूक ठरवू लागलं तर मला ते मुळीच पटत नाही. पारिभाषिक शब्दाचा अर्थ ती ती भाषा ठरवते, आणि मराठीत तो पक्का झाला आहे. शिवाय पेशीला संस्कृतात दुसराही अर्थ आहे. अमरकोश या संस्कृत समानार्थी शब्दांच्या जुन्या कोशात 'पेशी कोशो द्विहीनेऽण्डम्' असं म्हटलंय. पेशी, कोश आणि अंड हे तिन्ही शब्द तिथे अंड्याचे पर्याय आहेत. मराठीने घेतलेला शब्द आणि हिंदीच्या कोशिकेचं मूळ एकाच ओळीत शेजारी शेजारी! कोंबडीच्या अफलित अंड्यातला पिवळा बलक ही एकच पेशी असते, हे मुलांना सांगून पाहा. धड्यातली पेशी एकदम डोळ्यांसमोर उभी राहते.

कोशिकेच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापात रिकामे कप्पे पाहिले आणि त्यांना लहान खोली या अर्थाचं नाव दिलं. काही साठवायची जागा या अर्थाचा कोश त्या कल्पनेच्या अधिक जवळचा. पण पेशीद्रव, पेशीभित्तिका, चेतापेशी, पेशीविभाजन हे शब्द ज्या सहजतेने जिभेवर बसलेत, ते पाहता बदलायचं काहीच कारण नाही.

कोर्टातली 'पेशी' वेगळी, ती फारसीतल्या 'पेश'वरून आली.

आता 'मांसपेशी'. बातम्यांत आणि व्यायामाच्या लेखांत हा शब्द फार दिसू लागला आहे, आणि तो मराठीत लिहू नये असं मला मनापासून वाटतं. मराठी मुलाला तो स्नायूतली एक पेशी वाटणार, लिहिणाऱ्याला मात्र अख्खा स्नायू म्हणायचाय. दंडाची बेडकी फुगते तो स्नायू; तिच्यात दोऱ्यासारख्या लांब असंख्य स्नायुपेशी असतात. या पेशी मोठ्या नवलाच्या. धड्यातल्या आकृतीत पेशीला एक केंद्रक दाखवतात, पण हाडांना जोडलेल्या स्नायूंच्या एकेका पेशीत अनेक केंद्रकं असतात.

आणि मुलीचा प्रश्न, पेशी कशा आकसतील? स्नायुपेशी खरोखर आकसतात. तिच्या आत अॅक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे बारीक तंतू असतात. ते एकमेकांवरून सरकतात, पेशी आखूड होते, आणि अशा सगळ्या पेशी मिळून स्नायू आखूड होतो. हिंदीतलं ते वाक्य तिने मराठी अर्थाने वाचलं, तरी स्नायुपेशींपुरतं ते खरंच आहे.