वाचकांचे प्रश्न : व्हीलचेअरवरून जंगलाची वाट

प्रश्न : माझ्या आईचे वय ७१ आहे. पक्षाघातानंतर तिची उजवी बाजू कमजोर झाली असून ती व्हीलचेअर वापरते. लहानपणी ती आम्हांला बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात नेत असे. आता तिला पुन्हा तिथे जायचे आहे. खुर्ची आत नेता येईल का, आणि कुठपर्यंत?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नेता येईल, आणि अवश्य न्यावी. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरवर पसरलेले असले, तरी आपल्या कामाचा भाग म्हणजे बोरिवलीच्या मुख्य प्रवेशद्वारातून आत जाणारा डांबरी रस्ता. त्याच्या सुरुवातीच्या टप्प्यात चढ सौम्य आहे, जमीन टणक आहे आणि दोन्ही बाजूंना झाडी आहे, त्यामुळे हाताने ढकलायची साधी खुर्चीही इथे चालते. डांबरी रस्त्यावरून पाहिलेले जंगल कमी प्रतीचे असते, हे मला मुळीच मान्य नाही. माघ-फाल्गुनात पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात, तेव्हा फुलांवर येणारे पक्षी पाहायला आडवाटेला शिरावे लागत नाही. एका जागी शांत बसणाऱ्याला तर ते चालणाऱ्यापेक्षा अधिक वेळ न्याहाळता येतात.

कान्हेरीपर्यंत खुर्ची ढकलत नेण्याचा बेत मात्र करू नये. पुढे चढ वाढत जातो आणि अंतरही बरेच आहे. लेण्यांच्या पायथ्यापर्यंत वाहनाने जाता येते, परंतु तिथून खडकात कोरलेल्या पायऱ्या सुरू होतात. उद्यानातल्या शिलोंड्यासारख्या दगडधोंड्यांच्या पायवाटाही या बेतातून वगळाव्यात. उद्यान सोमवारी बंद असते, आणि रविवारी इतकी गर्दी होते की खुर्ची ढकलणाऱ्याचे लक्ष झाडांपेक्षा माणसे चुकवण्याकडेच राहते. म्हणून मधल्या वारी, सकाळी लवकर जावे.

कोणत्याही वाटेचा चढ नुसत्या नजरेने ठरवू नये, कारण चालणाऱ्याला जो रस्ता सपाट वाटतो तोच ढकलणाऱ्याला दमवतो. आई आणि खुर्ची मिळून ९० किलो वजन धरले, तर १:२० चढावर, म्हणजे वीस मीटरला एक मीटर उंची वाढत असताना, सुमारे साडेचार किलोचा भार सतत पुढे रेटावा लागतो; १:१२ चढावर तो साडेसात किलो होतो आणि १:८ वर अकराच्या पुढे जातो. जमिनीचे घर्षण याहून वेगळे. मोबाईलमधील पातळी मोजणारे साधन रस्त्यावर धरून पाहिल्यास १:२० म्हणजे जवळजवळ तीन अंश, १:१२ म्हणजे पावणेपाच अंश आणि १:८ म्हणजे सात अंश असतात. एकटे ढकलणार असाल तर तीन अंशांच्या आसपासच राहावे. पाच अंशांच्या पुढे दुसरा माणूस सोबत हवाच. तीव्र उतारावर खुर्ची उलटी फिरवावी, आपण उताराच्या बाजूला उभे राहावे आणि मागे पाहत हळूहळू उतरावे, म्हणजे आईचा तोल पुढे जात नाही. खडी किंवा मऊ माती लागली की पुढची छोटी चाके रुततात; तेवढ्या अंतरापुरती खुर्ची किंचित मागे कलवून मोठ्या चाकांवर न्यावी.

आपल्या आईच्या बाबतीत आणखी काही गोष्टी जपाव्या लागतील. कमजोर हात हादऱ्यांनी घसरून चाकाकडे जाऊ शकतो, म्हणून त्याच्याखाली उशी ठेवून तो मांडीवर किंवा खुर्चीच्या हातावर नीट टेकवावा. उजवे पाऊल पायटेकूवर मऊ पट्ट्याने सैलसर अडकवावे. दर अर्ध्या तासाने त्यांना बसण्याची कूस थोडी बदलायला लावावी, कारण एकाच जागी दाब राहिला तर त्वचेला इजा होते. आपण ढकलून घामाघूम झालेले असताना त्या मात्र न हलता बसलेल्या असतात, तेव्हा थंडीच्या दिवसांत शाल विसरू नये.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी सत्तरीतले आहोत. गुडघे दुखतात, पण सपाटीवर अर्धा-पाऊण तास चालतो. माथेरान झेपेल का?
— वाचक, पुणे

उत्तर : झेपेल, पण चालण्याची शक्ती गावात पोहोचण्यासाठी खर्च करू नये. मोटारी दस्तुरी नाक्यापाशी थांबतात. तिथून जवळच्या अमन लॉज स्थानकावरून माथेरानपर्यंत छोट्या गाडीच्या फेऱ्या असतात. ही गाडी १९०७ साली सुरू झालेल्या नेरळ-माथेरान मार्गाचाच वरचा तुकडा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनंतर डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षाही प्रायोगिक तत्त्वावर आल्या. हातरिक्षा धरून बेत आखू नये, कारण ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने त्या सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला, आणि तो योग्यच आहे.

गावात पोहोचल्यावर एका दिवशी एकच पॉइंट निवडावा. सावली भरपूर असली तरी तांबड्या मातीच्या वाटांवर सुटी खडी आणि वर आलेली मुळे असतात. दुखऱ्या गुडघ्यांना चढापेक्षा उतार अधिक जाचतो, त्यामुळे काठी उतरतानाही हातात हवी. पावसाळ्यात दगडांवर शेवाळ धरते, तेव्हा दिवाळीनंतरचा काळ बरा.

प्रश्न : आमच्या गावची संयुक्त वनव्यवस्थापन समिती पर्यटकांसाठी अर्ध्या किलोमीटरची निसर्गवाट करण्याच्या विचारात आहे. ती व्हीलचेअरलाही चालावी अशी इच्छा आहे. मापे काय ठेवावीत?
— समितीचा एक सदस्य, सातारा जिल्हा

उत्तर : आपला प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण हा विचार वाट आखण्यापूर्वी झाला तर खर्च थोडा वाढतो, आणि नंतर झाला तर वाट उखडावी लागते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने करमणुकीच्या उपक्रमांत इतरांच्या बरोबरीने सहभागी होण्याचा अधिकार मान्य केला आहे, आणि ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे किमान नियम बंधनकारक करण्याचे निर्देश सरकारला दिले. वनखात्याशी बोलताना हा आधार जरूर सांगावा.

आखणी करताना सर्वांत कमी अंतराची रेषा शोधण्याऐवजी समपातळीची रेषा शोधावी. वाट थोडी वळणे घेत लांबली तरी चालेल, पण चढ १:२० च्या आत राहावा. अगदीच नाइलाज असेल तिथे १:१२ चा छोटा टप्पा ठेवून त्याच्या दोन्ही टोकांना सपाट जागा द्यावी. रुंदी दीड मीटर असावी, म्हणजे खुर्ची जागच्या जागी वळू शकते. समोरासमोर दोन खुर्च्या येतील तिथे १.८ मीटर. आडवा उतार, म्हणजे वाटेच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे जाणारा, पन्नासास एक इतकाच ठेवावा. तो वाढला की खुर्ची सतत खालच्या बाजूला ओढली जाते आणि स्वतःच्या हातांनी चाके फिरवणाऱ्याचा एक खांदा भरून येतो.

जमिनीसाठी सिमेंट ओतण्यापूर्वी मुरूम आणि बारीक कच पसरून, पाणी मारून रोलरने केलेली दबाई पाहावी. आपल्याकडच्या पावसात ती टिकवायची तर डोंगराच्या बाजूने चर काढावाच लागेल, आणि दर पावसाळ्यानंतर डागडुजी धरून चालावी लागेल. दलदल किंवा मोठ्या झाडांची मुळे येतात तिथे जमिनीपासून उचललेली फळ्यांची वाट उत्तम. कॅलिफोर्नियातील म्यूर वूड्स या १९०८ पासून संरक्षित असलेल्या रेडवूड वृक्षांच्या वनात मुख्य वाटेवर अशा फळ्या आहेत. त्यांवरून खुर्ची सहज जाते आणि हजारो पावलांखाली मुळांवरची माती दबण्याचेही टळते. फळ्या चालण्याच्या दिशेला आडव्या बसवाव्यात, त्यांतील फट १३ मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी आणि कडेला चाक अडेल एवढी उंच पट्टी असावी. जवळ पाहायचे असेल तर मलबार हिलवर मार्च २०२५ मध्ये खुला झालेला ४८५ मीटरचा उन्नत निसर्गमार्ग समितीने पाहावा. त्याची रुंदी २.४ मीटर आहे. तो पाहताना सोबत व्हीलचेअर वापरणारी एखादी व्यक्ती असू द्यावी, आणि आपल्या वाटेची चुन्याने आखणी झाल्यावर त्याच व्यक्तीकडून ती तपासून घ्यावी.

बाके बसवताना प्रत्येक बाकाशेजारी खुर्ची मावेल अशी रिकामी जागा सोडावी, म्हणजे कुटुंबाला एकत्र बसता येते. शौचालयाचे दार ९०० मिलिमीटर रुंद हवे आणि आत खुर्ची वळली पाहिजे. हे नसेल तर दूरवरून येणारी व्यक्ती सकाळपासून पाणी पिणे टाळते. मोटारसायकली रोखण्यासाठी प्रवेशापाशी लोखंडी नागमोडी अडसर बसवण्याची पद्धत आहे, तो बसवू नये, कारण त्यात खुर्चीही अडते. १.२ मीटर अंतरावर रोवलेले खांब मोटारी रोखतात आणि खुर्चीला वाट देतात, मोटारसायकली मात्र त्यांनी थांबत नाहीत. तिथेच फलकावर वाटेची लांबी, सर्वाधिक चढ, सर्वांत कमी रुंदी आणि शौचालयाचे अंतर हे आकडे लिहावेत. ‘सोपी वाट’ एवढेच लिहू नये, कारण कोणाला काय सोपे जाईल हे ज्याचे त्याला ते आकडे वाचूनच ठरवता येते.