पंधरा महिने, तीन दात आणि एक निळसर फुगा

धायरीतल्या एका वाचक आईचं पत्र थोडक्यात असं: "मुलगा १५ महिन्यांचा आहे. ३४व्या आठवड्यात झाला, पण आता वजन ९ किलो आहे, धरून धरून चालतो, बडबडही भरपूर. काळजी आहे ती दातांची. तेराव्या महिन्यापर्यंत नुसतं बोळकं होतं. मग एकदम वरचे दोन आले, महिन्याभरानं खाली उजवीकडचा एक. डावीकडे दात नाही, हिरडीवर मुगाएवढा निळसर फुगा आहे. वरचे आधी आले म्हणून सासूबाई 'मामाला जड' म्हणतात, आणि माझ्या भावाचं लग्न तोंडावर आलंय. सोसायटीतल्या एका बाळाला दहाव्या महिन्यातच आठ दात होते. आमच्याकडे अजून सगळं मिक्सरमधून काढून भरवते. दुकानातून कॅल्शियमचं सिरप आणलं, 'ड' जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडीही आठवड्याला एक अशा तीन दिल्या. गेल्या आठवड्यात १०२ ताप आणि जुलाब झाले, घरचे म्हणाले दातांमुळे. आम्ही नेमकं काय करायचं?"

ताई, पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात: ३४वा आठवडा. बाळ सहा आठवडे आधी आलं, म्हणजे दातांचा हिशेब मांडताना वयातून दीड महिना वजा करायचा. तुमचा लेक दातांच्या दृष्टीनं आज साडेतेरा महिन्यांचा आहे आणि वरचे दोन आले तेव्हा तो साडेअकरा महिन्यांचा होता. वरचे मधले दोन साधारण आठ ते बारा महिन्यांत येतात, तेव्हा ते वेळेतच आले. खालचे मधले सहा ते दहा महिन्यांत येतात. त्यांना थोडा उशीर झालाय खरा, पण घाबरण्याजोगा नाही. वडिलांचे किंवा तुमचे दात उशिरा आले होते का, हे दोन्ही आज्यांना विचारून बघा. दात उशिरा येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण घराणं हेच असतं.

वरचे आधी, खालचे नंतर हा क्रम कमी मुलांत दिसतो एवढंच. त्याचा अर्थ वैद्यकात काही निघत नाही, आणि मामाच्या पत्रिकेत निघतो असं मानायलाही आधार नाही. सासूबाईंशी त्यावरून वाद घालू नका. मामाकडून एखादी चांदीची वाटी घेऊन त्यांचं समाधान होत असेल तर वाटी घ्या, वरणभात भरवायला बरी पडते. फक्त त्या नावाखाली हिरडी चोळणं, टोचणं किंवा दात काढून टाकणं असलं काही होऊ देऊ नका.

आता तो निळसर फुगा. दात वर येताना त्याच्या डोक्यावरच्या आवरणात थोडं पाणी साठतं, चावताना हिरडी दुखावली की त्यात रक्त उतरतं आणि बाहेरून जांभळट, काळपट निळा दिसतो. तुम्ही सांगताय ते वर्णन याच्याशी जुळतं. म्हणजे बहुधा डावीकडचा दात हरवलेला नाही, दाराशी येऊन थांबलाय. काही आठवड्यांत तो फुगा आपोआप फुटतो आणि खालून दाताची पांढरी कड दिसते. सुईनं फोडू नका, बोटानं दाबू नका, त्यावर काही लावू नका. फुगा वाढत चालला, पू दिसला, बाळ त्या बाजूनं खायला नकार देऊ लागलं किंवा महिना-दीड महिन्यात काहीच हललं नाही, तर दाखवा.

उजेडात बसून एक गोष्ट मात्र तपासा. खाली उजवीकडे आलेला दात नेहमीपेक्षा रुंद आहे का? त्याच्या मध्यावर उभी खाच आहे का? असेल, तर दोन दात एकमेकांना जोडून आलेले असू शकतात आणि मग शेजारची जागा मोजणीत रिकामी भासते. दुधाच्या दातांत तसं झालं तर आज काही करायचं नसतं, पण दंतवैद्याला नोंद करायला सांगायची, कारण पुढे त्या जागी पक्का दात कमी असण्याची शक्यता असते. खाच नसेल तर विषय मिटला. डाव्या-उजव्या जोडीतला दुसरा दात काही आठवडे, कधी काही महिने मागे राहतो. उजव्यानंतर सहा महिने उलटूनही डावा आला नाही तर एक्स-रे काढायचा, त्याआधी घाई नको.

मग काळजी कधी करायची? वयानुसार मोजून तेरा महिने झाले आणि एकही दात नाही, तर एकदा दाखवावं. अठरा महिने झाले तर तपासण्या कराव्यात. पण नुसत्या तारखेपेक्षा दातांच्या जोडीला काय दिसतंय हे जास्त बोलकं असतं. मनगटं जाड, पाय बाहेरच्या बाजूला वाकलेले, टाळू मोठी आणि भरत नाही असं वाटतं: मुडदूस. त्वचा कोरडी, शौचाला कडक, बाळ सुस्त, उंची रेंगाळलेली: थायरॉइडची रक्ततपासणी. केस फारच विरळ, आलेले दात सुळ्यासारखे टोकदार, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यातही घाम नाही, उलट अंग तापतं: हे दुर्मीळ, पण तेव्हा आधी बालरोगतज्ज्ञ. तुमच्या पत्रात यातलं एकही लक्षण नाही. वजन, चालणं, बोलणं ठीक आहे.

सिरप आणि पुड्या थांबवा. दुधाच्या दातांना कॅल्शियम भरायला गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून सुरुवात होते आणि पुढच्या दातांचा दिसणारा भाग जन्मानंतर दोन-तीन महिन्यांत तयार असतो. तुमच्या बाळाचे येऊ घातलेले पुढचे दात हाडात बनून तयार आहेत. सिरपनं त्यांना घाई होत नाही. 'ड' जीवनसत्त्वाची गोष्ट जास्त गंभीर. वर्षापर्यंत रोज ४०० आणि पुढे ६०० युनिट, इतकीच रोजची गरज आहे. ६०,००० ची पुडी कमतरता सिद्ध झाल्यावर उपचारासाठी असते, दातांसाठी नसते, आणि दुकानदारानं काउंटरवरून द्यायची तर मुळीच नसते. तीन दिल्यात हे बालरोगतज्ज्ञांना स्पष्ट सांगा. वारंवार उलट्या, शौचाला खडा, फार तहान, सारखी लघवी, जेवण तुटणं असं काही दिसत असेल तर त्याच दिवशी जा. दातांसाठी म्हणून बाराक्षाराच्या गोळ्या घरात असतील तर त्याही ठेवून द्या. उन्हाचं म्हणाल, तर सकाळी सातचं कोवळं ऊन छान वाटतं पण त्यात 'ड' फारसं बनत नाही, आणि बाल्कनीच्या काचेतून आलेल्या उन्हात जवळजवळ नाहीच.

मला तुमच्या पत्रात दातांपेक्षा मिक्सरची जास्त काळजी वाटते. समोरचे दात तुकडा तोडतात, चावतात त्या दाढा. पहिल्या दाढा येतात तेरा ते एकोणीस महिन्यांत. म्हणजे सोसायटीतलं ते आठ दातांचं बाळही दहाव्या महिन्यात हिरडीवरच चावत होतं. हिरडी चांगली टणक असते, बोट घालून बघा. आठ-नऊ महिन्यांपासून गुठळ्या असलेलं अन्न मिळालं नाही तर जीभ आणि जबडा ते काम शिकतच नाहीत, आणि दोन वर्षांचं मूल भाताचं शीत लागलं तरी ओकारी काढतं. असं मूल पुढे नुसत्या दुधावर राहतं. दिवसाला अर्धा लिटरच्या वर दूध गेलं की भूक मरते आणि लोह कमी पडतं.

मिक्सर एका दिवसात बंद करू नका. चार दिवस तेच खिमट रवीनं घोटून द्या. पुढचे चार दिवस काट्यानं चेचून. मग बोटांनी कुस्करलेला मऊ वरणभात, वरणात भिजवलेली पोळी, दुधात मुरवलेली भाकरी. सोबत बाळाच्या हातात पकडता येतील असे तुकडे: वाफवलेलं गाजर किंवा लाल भोपळा, पिकलं केळं, पपई, इडली. अंगठा आणि बोटात धरून दाबल्यावर तुकडा सहज चिरडला गेला तर तो हिरडीला झेपतो, हीच परीक्षा. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, कच्चं गाजर, लाह्या यातलं काही नको. पहिले काही दिवस बाळ खोकेल, तोंड लाल करून घास पुढे ढकलेल. आवाज येतोय, खोकला येतोय तोवर ते शिकतंय, तोंडात बोट घालू नका. आवाजच बंद झाला, खोकताही येईना, तर अडकलंय: मांडीवर उपडं, डोकं खाली, दोन खांद्यांच्या मधे तळहातानं पाच ठोके. भरवताना त्याला बसवूनच भरवा, मोबाइल समोर नको, आणि खेळत्या मुलाच्या मागे वाटी घेऊन फिरणं बंद.

१०२ ताप दातांचा नव्हता. दात येताना लाळ गळते, गाल लाल होतो, बाळ चिडचिडं होतं, अंग किंचित कोमट लागतं, १००.४च्या वर गेलं की दुसरं कारण शोधायचं. दात येण्याच्या वयातच आईकडून आलेली प्रतिकारशक्ती ओसरते आणि दिसेल ते तोंडात जातं, म्हणून दोन्ही एका वेळी घडतं आणि दोष दाताला जातो. जानेवारी २०२५ मध्ये दूषित पाण्याशी जोडली गेलेली जीबीएसची (नसांवर घाला घालणाऱ्या आजाराची) साथ बघितल्यावर सिंहगड रोडवर राहणाऱ्यांना पाणी उकळण्याचं वेगळं सांगायला नको. बाळाची खेळणी आणि चावायची रिंगही त्याच पाण्यानं धुवा. पुन्हा जुलाब झाले तर ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात, प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, चमच्यानं. अर्ध्या पेल्यात मोठी पुडी ही चूक फार घरांत होते, आणि त्यानं शरीरातलं मीठ वाढून बाळाची तब्येत उलट बिघडते. टेट्रापॅकमधलं गोड पेय म्हणजे ओआरएस नाही. झिंक डॉक्टर देतील, जुलाब थांबले तरी ते १४ दिवस पुरं करा. लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, शौचात रक्त दिसलं तर वाट बघू नका.

हिरडी ठणकत असेल तर ओला स्वच्छ पंचा फ्रिजमध्ये गार करून चावायला द्या. फ्रीझरमध्ये दगड झालेली रिंग नको, हिरडी दुखावते. बधिर करणारी जेल दोन वर्षांखाली लावू नये. त्यातल्या बेंझोकेनमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटल्याचे प्रकार झालेत. मधात कालवलेला टाकणखार हिरडीला चोळायची जुनी रीत काही घरांत अजून आहे. तो पोटात गेला की विषारी ठरतो. मण्यांची माळ गळ्यात नको. फारच रडत असेल आणि डॉक्टरांनी होकार दिला असेल तर पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे ९ किलोला साधारण १३५. आता बाटली नीट वाचा: ५ मिलीत १२५ असलेलं सिरप असेल तर ५.४ मिली, ५ मिलीत २५० असेल तर २.७ मिली, आणि एका मिलीत १०० असलेले ड्रॉप्स असतील तर १.३ मिली. सिरपचं माप ड्रॉप्सना लावलं की चौपट औषध जातं. दोन डोसांत सहा तास.

तीन दात आलेत म्हणजे ब्रश सुरू करायची वेळ होऊन गेली. मऊ बेबी ब्रश, तांदळाच्या दाण्याएवढी १००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट, दिवसातून दोनदा. काही बेबी पेस्टमध्ये फ्लोराइडच नसतं, ट्यूबच्या मागे वाचून घ्या. रात्री तोंडात दुधाची बाटली ठेवून झोपवत असाल तर ती सवय आता मोडा. वरच्या दातांच्या हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची पहिली खूण, तेव्हा थांबायचं नाही.

पहिली दातांची भेट खरं तर पहिल्या वाढदिवसालाच व्हायला हवी, म्हणून या महिन्यात जाऊन या. नेहमीच्या दंतवैद्यापेक्षा मुलांचे दंतवैद्य बघा. खर्च आवरायचा असेल तर दंत महाविद्यालयात मुलांचा वेगळा विभाग असतो: धनकवडीत भारती विद्यापीठ, पिंपरीत डी. वाय. पाटील, कॅम्पात आझम कॅम्पसमधलं रंगूनवाला. धायरीहून धनकवडी तुम्हाला सोयीचं. सोबत जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाचं पुस्तक आणि पुडीचं रिकामं पाकीट न्या. सकाळची वेळ घ्या, बाळाची झोप झालेली हवी. डॉक्टर तुमच्या गुडघ्यांना स्वतःचे गुडघे लावून समोर बसतील आणि बाळाला दोघांच्या मांडीवर आडवं करतील, ते रडेल, पण रडताना तोंड छान उघडतं आणि तपासणी दोन मिनिटांत संपते.