नातवाला भेटण्यासाठी आजी-आजोबांना न्यायालयात जाता येते का?

प्रश्न : आमचा मुलगा दोन वर्षांपूर्वी वारला. त्यानंतर सून आमच्या सात वर्षांच्या नातवाला घेऊन नाशिकला माहेरी गेली. सुरुवातीला दर रविवारी फोन होत असे. मुलाच्या विम्याच्या पैशांवरून बोलाचाली झाल्यापासून तोही बंद झाला. गेल्या महिन्यात आम्ही शाळेच्या फाटकाशी उभे राहून त्याला भेटलो, तर दुसऱ्याच दिवशी शाळेतून फोन आला की पुन्हा येऊ नका. आता सुनेच्या दुसऱ्या लग्नाचेही चालले आहे. नातवाला भेटण्याचा आम्हाला काहीच हक्क नाही का? (एक आजोबा, सातारा)

उत्तर : मुलगा गमावल्यावर त्याच्या मुलाचा आवाजही कानी पडू नये, हे दुःख मोठे आहे, आणि त्यावर कायद्यात मार्ग आहे. आजी-आजोबांना नातवंडांना भेटण्याचा स्वतंत्र हक्क देणारे कलम आपल्याकडील हिंदू कायद्यात नाही. परंतु कौटुंबिक न्यायालये अधिनियम, 1984 च्या कलम 7 नुसार अज्ञान (म्हणजे 18 वर्षांखालील) मुलाच्या ताब्याबरोबरच त्याच्या भेटीविषयीचे अर्जही हे न्यायालय ऐकते. पालक व पाल्य अधिनियम, 1890 खालील अर्ज मूल जिथे सामान्यतः राहते त्या ठिकाणी करावा लागतो, म्हणून तुमचा अर्ज साताऱ्यात नव्हे, नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयात करावा लागेल.

माझा आग्रहाचा सल्ला असा की ताबा मागू नका, भेट मागा. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 च्या कलम 6 प्रमाणे वडिलांच्या पश्चात आई हीच नैसर्गिक पालक असते आणि केवळ तिने पुनर्विवाह केला म्हणून तिचे पालकत्व जात नाही. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोविडमध्ये आईवडील दोघेही गमावलेल्या एका मुलाचा ताबा मावशीऐवजी वडिलांच्या आईवडिलांकडे दिला, हे खरे. पण तिथे आई हयात नव्हती. तुमची सून मुलाला नीट सांभाळत असताना ताब्याचा दावा लावलात, तर ती मूल हिरावले जाण्याच्या भीतीने आज उरलेली दारेही लावून घेईल, आणि तिच्या जागी कोणतीही आई तेच करील.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाच्याच कलम 13 प्रमाणे न्यायालय सर्वांत आधी मुलाचे हित पाहते. म्हणून अर्जात तुमच्या हक्कापेक्षा मुलाच्या गरजेवर भर द्या. तो तुमच्याकडे किती वर्षे राहिला, त्याला शाळेत कोण सोडत असे, आजारपणात कोण जागले, हे जुने फोटो आणि शाळेची कागदपत्रे जोडून मांडा. मागणी लहान ठेवा : आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल, महिन्यातून एका रविवारी नाशिकमध्येच दोन-तीन तासांची भेट, आणि नातू रुळला की सुट्टीतले काही दिवस. विधी आयोगानेही 2015 च्या आपल्या 257 व्या अहवालात आजी-आजोबांच्या सहवासाचा विचार केला आहे. मुख्य अर्ज निकाली निघेपर्यंत अंतरिम भेटीचा अर्ज जरूर करा. सुनेचा दुसरा नवरा नातवाला रीतसर दत्तक घेणार असेल, तर तुमची कायदेशीर बाजू दुबळी होऊ शकते, म्हणून दिरंगाई करू नका.

पैशांचा विषय मात्र भेटीपासून पूर्णपणे वेगळा काढा. मुलाने मृत्युपत्र केले नसेल, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 नुसार त्याच्या स्वतःच्या मालमत्तेत त्याची आई, पत्नी आणि मुलगा यांना प्रत्येकी एक समान हिस्सा मिळतो. म्हणजे नातू स्वतःच वारस आहे. विम्याच्या रकमेचे काय होते हे पॉलिसीवरील नामनिर्देशनावरही अवलंबून असल्याने तो कागद वकिलांना दाखवा. ‘नातू भेटला तर सही करू’ असे एक वाक्य जरी मोबाइलवरच्या संदेशात गेले, तरी समोरचे वकील तेच पुढे ठेवतील. शाळेच्या फाटकाशी पुन्हा जाऊ नका. प्रेमापोटी गेलात तरी त्याची नोंद तुमच्याविरुद्ध वापरली जाईल.

दाव्यापूर्वी नाशिकच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीसाठी अर्ज करून पाहा. तिथे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, म्हणून अर्जदारांत नातवाच्या आजींचे नाव असू द्या. व्याह्यांपैकी ज्यांच्याशी अजून बोलणे आहे, त्यांच्यामार्फत आधी सुनेच्या कानावर घाला की तुम्हाला ताबा नको, फक्त भेट हवी आहे. नोटिशीतून हेच पहिल्यांदा कळले, तर तिला ते खरे वाटणे कठीण जाईल.