इफेक्टनं पिक्चर तरतो का, असं विचारलंस ना

पोरा,

तुझा मेसेज रात्रीच वाचला. दोन ओळीत उत्तर देण्यासारखा प्रश्न नाही, म्हणून आज निवांत लिहायलोय.

तू म्हणालास की काका, परवा बघितलेला पिक्चर गोष्टीला पार ढिला होता, पण इफेक्ट असले कडक होते की पैसे वसूल झाले, मग इफेक्ट भारी असले की पडेल पिक्चर पण तरतो असं म्हणायला काय हरकत आहे. तू पुण्यात तेच शिकायलास, उद्या त्याच्यावरच पोट भरणारेस, म्हणून स्पष्टच सांगतो. नाही तरत. दहा मिनिटं तरून जातात, अख्खा पिक्चर नाही.

कशावरून म्हणतो ते ऐक. माझी 23 वर्षं आपल्या सोलापुरातल्या टॉकीजच्या केबिनमध्ये गेली. ऑपरेटरला पिक्चरपेक्षा पब्लिक जास्त दिसतं. दोन हजार फुटाचं रीळ वीस-बावीस मिनिटं चालतं, ते लावायचं, प्रोजेक्टरला उजेड देणारी कार्बनची कांडी नीट जळतेय का बघायचं आणि मग भिंतीतल्या चौकोनी काचेतनं खाली बघत उभं राहायचं. कोण उठून बाहेर गेलं की दाराचा पडदा हलतो आणि उजेडाची एक तिरीप आत येते. कुठल्या सीनला किती तिरिपा आल्या याच्यावरनं मला पहिल्या दिवशीच अंदाज यायचा की हा किती आठवडे टिकणार.

1994 ला 'ज्युरासिक पार्क' हिंदीत आला. यंत्रमागावरची माणसं, विडी वळणाऱ्या बाया, मोहोळ-अक्कलकोटकडनं आलेली पोरं, सगळा हॉल भरलेला. सगळ्यात गप्प कधी झाला माहितेय? डायनासोर दिसला तेव्हा नाही, तेव्हा तर आरडाओरडाच होता. गाडीत ठेवलेल्या ग्लासातल्या पाण्यावर वलयं उठली तेव्हा. एक तिरीप आली नाही. आणि ती वलयं कॉम्प्युटरची नव्हतीच रे, डॅशबोर्डखाली गिटारची तार लावून ती छेडली होती. 127 मिनिटांच्या त्या पिक्चरमध्ये डायनासोर सगळे मिळून पंधराएक मिनिटं दिसतात, त्यातलं कॉम्प्युटरवर केलेलं निम्म्याहून कमी, बाकी यंत्रावर हलणारी मोठाली जनावरं. मग हॉल गप्प का? कारण गाडीत दोन लेकरं होती आणि त्यांच्यासोबतचा मोठा माणूस भित्रा आहे हे आपल्याला आधीच कळलेलं होतं. भीती त्या लेकरांची होती, जनावर नंतर आलं.

त्यानंतर काही वर्षांनी एक पिक्चर लावला, नाव नाही घेत. समुद्र फाटायलाय, डोंगर कोसळायलेत, हिरो एका कड्यावरनं दुसऱ्या कड्यावर उडायलाय. पहिल्या रिळाला शिट्ट्या. तिसऱ्या रिळाला लोक आपसात बोलायला लागले. आणि शेवटची लढाई, जिथं सगळा पैसा ओतलेला, तिथं दाराचा पडदा एवढा हलायला लागला की हॉलमध्ये अंधारच टिकेना. काम वाईट नव्हतं, मी डोळ्यांनी बघितलंय, पाण्याचा थेंब न् थेंब खरा वाटत होता. पण हिरो मेला काय न् जगला काय, कुणाला काही पडलं नव्हतं.

आता तू म्हणशील नुसतं बघण्यातही मजा असतेच की. असते, नाही कोण म्हणतंय! गड्ड्याला, म्हणजे आपल्या सिद्धरामेश्वरांच्या यात्रेला, होम मैदानावर शोभेचं दारूकाम असतं तेव्हा आपण सगळे माना वर करून उभे राहतोच, तिथं गोष्ट कुठाय असं कोण विचारत नाही. पण ते थोडक्यात आटपतं म्हणून गोड लागतं, तेच अडीच तास चालवलं तर लोक भज्यांच्या गाड्याकडं वळतील. आणि त्याच्या दोन दिवस आधी अक्षता सोहळ्याला बघ. नंदीध्वज म्हणजे शेवटी सजवलेली काठीच, पण कुंभारकन्येचं सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी लग्न लागायलंय हे माहीत असलेली माझी आई दरवर्षी तिथं डोळे पुसायची.

फाळक्यांनी पण आधी ट्रिकच केली होती. 1912 ला कुंडीत वाटाणा लावला आणि रोज थोडं थोडं शूट करून रोप वाढताना दाखवलं, गोष्ट काहीच नाही, तरी माणसं थक्क झाली, कारण डोळ्याला कधी दिसत नाही ते दिसलं. पुढं 'लंकादहन' केला, 'कालिया मर्दन' केला, त्यात तर त्यांची लहान मुलगी मंदाकिनीच कृष्ण झाली, तेव्हा मारुती कोण, कृष्ण कोण हे लोक घरनंच शिकून आलेले असायचे. आजच्या नव्या साहसाच्या पिक्चरला ती सोय नाही, त्याला आपला माणूस शून्यातनं उभा करावा लागतो आणि नेमकं तेच काम टाळून पैसा राक्षसावर घालतात.

साहस म्हणजे काय ते बघायचं तर आपल्या गावचेच डॉ. कोटणीस बघ. 1938 ला चीनला गेले, तिकडं असतानाच वडील गेल्याचं कळलं, तरी जखमी सैनिकांना सोडून परतले नाहीत, 1942 ला तिथंच गेले, वय 32. शांतारामबापूंनी त्यांच्यावर पिक्चर केला 1946 ला. बॉम्ब किती मोठा फुटला याच्यानं ती गोष्ट मोठी झालेली नाही.

एक तुझ्या पोटापाण्याचं पण सांगतो. 'लाइफ ऑफ पाय'मधला होडीतला तो वाघ बनवणारी इफेक्टची कंपनी ऱ्हिदम अँड ह्यूज, जिची मुंबई-हैदराबादलाही ऑफिसं होती, तिनं फेब्रुवारी 2013 ला दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पंधरा दिवसांत त्याच वाघासाठी ऑस्कर जिंकलं. सोन्यासारखं काम करणाऱ्यांचे पण असे हाल होतात. म्हणून ढिला पिक्चर बघून आल्यावर इफेक्टवाल्या पोरांना शिव्या देऊ नको, आणि त्यांच्या रात्रपाळ्यांकडं बघून पिक्चरला माफ पण करू नको. दोन्ही हिशोब वेगळे ठेव.

शॉट हातात आला की सिनियरला विचारत जा, हे कोण बघतंय आणि त्याला आत्ता काय जाईल अशी भीती आहे. सुरुवातीला वैतागतील, विचार तरी.

दिवाळीला येताना तुझी शोरील, म्हणजे तू केलेल्या कामाची फिल्म, घेऊन ये. लॅपटॉपवर नको, समोरच्या भिंतीवर लावू, गल्लीतली पोरं बोलावू. तू भिंतीकडं बघायचं नाही, माझ्याशेजारी मागं उभं राहायचं आणि पोरांकडं बघायचं. काकूनं शेंगाचटणी कुटायला घेतलीय, मागचा डबा परत आण म्हणाली.

तुझा,
काका